डीप पर्पलच्या डबीत काय होतं

सातारा,
रविवार, दुपारचे साडेतीन

प्रिय दिग्या,

तुझी यादी मिळाली. काल रात्री जेवण झाल्यावर चष्मा लावून वाचली, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली आणि दोन्ही वेळा सारखाच भडकलो. फोन उचललाच होता, पण सुमन म्हणाली, "फोनवर तुम्ही दोघं ओरडता आणि मग रात्री तुमचं बीपी मी मोजत बसते. काय ते लिहून पाठवा." म्हणून हे पत्र. तीसेक वर्षांनी तुला हातानं लिहितोय. अक्षर लागलं नाही तर वहिनींना दे, औषधाच्या दुकानात आयुष्य गेलंय त्यांचं, त्या कुठलंही अक्षर वाचतील.

तर, "आजवरचे दहा थोर बँड". पहिला लेड झेपलिन, दुसरा पिंक फ्लॉइड, बीटल्स सातवे (सातवे!), क्वीन नववे आणि शेजारी कंसात "नाटकी". खाली लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलेली ती पॉप-डिस्कोवाल्यांबद्दलची ओळ: "अ‍ॅबा, बी जीज वगैरे मंडळींचा विचार केलेला नाही. लोकप्रियता हा निकष नाही."

बरं. नसेल निकष. मग झेपलिनला पहिल्या नंबरवर कशाला बसवलंस? त्यांच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमच्या नुसत्या अमेरिकेत दोन कोटींच्या वर प्रती गेल्या. मुखपृष्ठावर बँडचं नाव नाही, पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेल्या म्हाताऱ्याचं चित्र, आणि तरी गेल्या. फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या पहिल्या दोनशेंच्या यादीत एकूण ७४१ आठवडे होता. चौदा वर्षं भरतात हिशेबानं. तेवढ्या काळात आपण शाळेतून हॉस्टेलात आणि हॉस्टेलातून नोकरीला लागलो. म्हणजे तुझे देवही बाजारातच बसलेले होते, फक्त गाभाऱ्यात जरा अंधार ठेवायचे. झेपलिननं इंग्लंडात बँड चालू असेपर्यंत सिंगल काढलं नाही, हे तू मला किमान दहा वेळा अभिमानानं सांगितलंयस. अरे, ती तर विक्रीचीच युक्ती झाली! गाणं सुटं मिळत नाही म्हटल्यावर माणूस अख्खा अल्बम विकत घेतो.

मला काय वाटतं सांगू? लोकप्रियता तुला कधी खुपलीच नाही. कुणात लोकप्रिय, तेवढंच खुपायचं. खोली नंबर ४७ मधल्या दाढीवाल्यांना आवडलं की ते 'क्लासिक', आणि लेडीज हॉस्टेलच्या गॅदरिंगमध्ये वाजलं की 'थिल्लर'. बीटल्सना सातवा नंबर देताना तू लिहिलंयस, "सुरुवातीला नुसत्या मुली किंचाळायच्या." किंचाळायच्या ना! इतक्या किंचाळायच्या की स्टेजवर त्या चौघांना आपलं वाजवणं ऐकू यायचं नाही. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम केला आणि त्यांनी दौरेच बंद करून टाकले. मग स्टुडिओत जाऊन बसले आणि पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर' बाहेर आला. आणि त्या किंचाळणाऱ्या मुलींनी आधी काय ऐकलं होतं तेही बघ. ११ फेब्रुवारी १९६३, लंडन. एका दिवसात दहा गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्यांच्यातल्या जॉन लेननला सर्दी, घसा बसत चाललेला, म्हणून सगळ्यात ओरडायचं 'ट्विस्ट अँड शाउट' मुद्दाम रात्री शेवटी ठेवलं. पहिल्याच प्रयत्नात जे आलं तेच रेकॉर्डवर गेलं. दुसऱ्या प्रयत्नापर्यंत आवाज संपलेला होता. तो फाटलेला घसा ऐकून एखादी सोळा वर्षांची पोरगी किंचाळली, तर तिचे कान तुझ्या-माझ्यापेक्षा वाईट कसे?

जाता जाता, तुला माहीत नसलेली एक गोष्ट (हे लिहिताना मला किती बरं वाटतंय). बीटल्सच्या १९६६ च्या 'रिव्हॉल्वर'वर 'लव्ह यू टू' नावाचं त्यांच्यातल्या जॉर्ज हॅरिसनचं गाणं आहे, त्यात तबला वाजवलाय अनिल भागवत यांनी. अल्बमच्या पाठीवर नाव छापलंय, भिंग घेऊन बघ. त्यांना फोन आला, आज संध्याकाळी वाजवायला मोकळे आहात का म्हणून. कुणा जॉर्जबरोबर, एवढंच सांगितलं; तो हॅरिसन, हे फोनवर सांगितलंच नाही. न्यायला दारात रोल्स रॉइस आली तेव्हा त्यांना कळलं. मी तर कल्पनेत बघतो, डग्गा मांडीवर घेऊन माणूस रोल्स रॉइसमध्ये मागे बसलाय. दोन वर्षांनी जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन आपल्या मुंबईत आला, फोर्टात फिरोजशहा मेहता रोडवर एचएमव्हीच्या स्टुडिओत बसून आपल्या वादकांना घेऊन काम करून गेला आणि तिथला एक तुकडा 'दि इनर लाइट' म्हणून बीटल्सच्या रेकॉर्डवर चढला. तुझ्या झेपलिनमधले पेज आणि प्लांटही १९७२ मध्ये मुंबईतच आपल्या वादकांबरोबर दोन गाणी वाजवून गेले, पण ती टेप तशीच पडून राहिली. अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. एवढ्यावरून नंबर लावायचे नसतात, मान्य. पण मी लावले.

क्वीनबद्दल भांडण थोडक्यात आटोपतो. 'नाटकी' ही शिवी वापरताना तुला जराही लाज वाटली नाही? तुझे आजोबा बालगंधर्वांना 'वन्स मोअर' देत रात्र काढायचे असं तूच सांगतोस. त्या घरातल्या माणसानं नाटकीपणाला नाकं मुरडायची? मागच्या मे महिन्यात भाच्याला घेऊन पसरणी घाटानं वर गेलो होतो. पाचगणीत सेंट पीटर्सच्या बाहेर गाडी थांबवली आणि त्याला म्हटलं, "फ्रेडी मर्क्युरी लहानपणी इथं बोर्डिंगात होता. फारुख बलसारा नाव त्याचं. झांझिबारहून आलेलं पारशी पोरगं, इथंच पियानो शिकलं आणि शाळेतच 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला." भाचा म्हणाला, "मामा, इथं?" आणि बराच वेळ गेटकडे बघत राहिला. मग स्ट्रॉबेरी क्रीम मागितलं. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर 'लाइव्ह एड'मध्ये फ्रेडीनं वीसेक मिनिटांत जे केलं, त्याची पूर्वतयारी इथल्या कुठल्यातरी हॉलमध्ये झाली होती, असं मला वाटून गेलं. बाकी तुझं एक खरं: क्वीनचा एखादा अख्खा अल्बम सलग ऐकायला बसलं की मधे दोन-तीन गाण्यांना उठून पाणी प्यावंसं वाटतं. सुटी सुटी गाणी काढली की मात्र तोड नाही. आणि चौघांपैकी प्रत्येकानं स्वतः लिहून हिट गाणं दिलेला बँड तुझ्या यादीत अजून कुठला आहे, ते सांग.

रोलिंग स्टोन्सना तू तिसरं ठेवलंयस, मी चौथं ठेवलं असतं. पुढे चल.

आता मुख्य भांडण. तू लिहितोस, "झेपलिनमध्ये माणूस ऐकू येतो, पॉपमध्ये यंत्र." पुरावा म्हणून 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधला बॉनहॅमचा ड्रम पुढे केलायस. गेला आठवडाभर मी तेच ऐकत होतो. खोली बंद करून, हेडफोन लावून. आणि ऐक, माझं मत: तुझ्या अख्ख्या यादीत त्यासारखा आवाज दुसरा नाही. दगडी वाड्यात कुणी उखळात घाव घालतंय असं वाटतं. पण तो आवाज आला कुठून? हॅम्पशायरमधलं हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर. बाहेर रोलिंग स्टोन्सची ध्वनिमुद्रणाची गाडी भाड्यानं आणून लावलेली. बॉनहॅमचा नवा ड्रमसेट जिन्याच्या खाली मांडला आणि अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकानं वरच्या मजल्यावरून दोन माइक खाली सोडले. ड्रमच्या जवळ नेहमीसारखे माइक लावलेच नाहीत. म्हणजे आपण जे ऐकतो त्यातला अर्धा तो जिना आहे. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. टेप वाजवताना तिचा वेग कमी केला, म्हणून तो ठोका असा जड, चिखलातून पाय काढल्यासारखा पडतो. तुझा 'माणूस' टेपचा वेग बदलून घडवलेला आहे, दिग्या.

आता तिकडे स्टॉकहोममध्ये बघ. मायकेल ट्रेटो नावाचा अ‍ॅबाचा ध्वनिमुद्रक. त्यानं १९७३ मध्ये 'रिंग रिंग'पासून काय सुरू केलं? एकदा सगळं वाजवून घ्यायचं, मग टेपचा वेग केसभर बदलायचा आणि तेच त्यावर पुन्हा वाजवून घ्यायचं. दोन्ही थर एकमेकांवर बसतात, पण तंतोतंत बसत नाहीत. वारीत पन्नास टाळ कधी एका क्षणी पडत नाहीत, थोडे मागेपुढे होतात, म्हणून तो आवाज एका टाळाच्या पन्नासपट मोठा न वाटता जाड वाटतो, भरलेला वाटतो. तसंच हे. वर त्या दोघी, अ‍ॅग्नेटा आणि फ्रीडा, एकीचा आवाज उंच आणि धारदार, दुसरीचा जरा खालचा आणि उबदार. त्यांच्यावरही पुन्हा त्यांचेच थर. 'एसओएस' लाव एकदा. कडव्यात अ‍ॅग्नेटा एकटी आहे, जवळजवळ रडवेली, मागे पियानो. आणि धृपद येताना सगळं घर एकदम उजळतं. सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या ग्लेन मॅटलॉकनं स्वतः सांगितलंय की त्यांच्या 'प्रिटी व्हेकंट'ची सुरुवात त्याला या गाण्यावरून सुचली. पंकवाल्यांना अ‍ॅबा ऐकताना लाज वाटली नाही, तुला मात्र वाटते.

तेच टेपचं यंत्र, तीच वेगाची युक्ती. एका ठिकाणी तू तिला 'आत्मा' म्हणतोस, दुसऱ्या ठिकाणी 'कारखाना'.

आणि बी जीज! १९७७, फ्रान्समधल्या एका जुन्या हवेलीतला स्टुडिओ. त्यांचा ड्रमर डेनिस ब्रायन घरच्या अडचणीमुळे निघून गेलेला, आणि 'स्टेइंग अलाइव्ह' तर करायचंय. मग त्यांनी त्याच्याच हातानं आधी वाजवलेल्या 'नाइट फीवर'च्या टेपमधून थोडे ठोके कापले, टोकाला टोक जोडून फितीची माळ केली आणि ती मशीनमधून बाहेर काढून माइकच्या स्टँडवरून फिरवून परत आत घेतली. ताण राहावा म्हणून तिला रिकामं रीळ लटकावलेलं. आपण मेसच्या मागे बसून कॅसेटची अडकलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळायचो, त्याचंच हे मोठं भावंड. ते ठोके गोल गोल फिरत राहिले आणि त्यावर गाणं उभं राहिलं. रेकॉर्डवर ड्रमर म्हणून गमतीनं 'बर्नार्ड लूप' असं खोटं नाव टाकलं, तर म्हणे त्या बर्नार्डला कामाला बोलवायला लोक चौकशी करू लागले. तुला वाटतं तसं तिथं यंत्र नव्हतं रे. घरी गेलेला एक माणूस होता आणि त्याच्या हाताचा जपून ठेवलेला तुकडा होता. आणि दोनच वर्षांनी, १२ जुलै १९७९ ला, शिकागोच्या बेसबॉल मैदानावर दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग रचून तो स्फोटानं उडवला, पब्लिक मैदानात घुसलं आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. तुझी ती लाल रेघ दोनदा मारलेली बघितली आणि मला तोच धूर दिसला. जरा जास्त होतंय, माहीत आहे.

एका बाबतीत मात्र मी हात टेकतो. बोनी एम. आपल्या गल्लीत गणपतीच्या मांडवात आरतीनंतर 'रास्पुटिन' लागायचं आणि मंडळाचे कार्यकर्ते ढोल बाजूला ठेवून नाचायचे, ते सगळं खरं. पण तो जो नाचत फिरायचा, बॉबी फॅरेल, त्यानं रेकॉर्डवर जवळजवळ काहीच गायलेलं नव्हतं. तो जाड पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फारियानचा. इथं तू 'कारखाना' म्हणालास तर मी गप्प बसतो. गप्प बसतो आणि आवाज वाढवतो, कारण गाणी अजून चालतात. (बॉबी गेला तोही ३० डिसेंबर २०१० ला, सेंट पीटर्सबर्गमध्ये. खरा रास्पुटिन मारला गेला तेच शहर आणि आजच्या कॅलेंडरनं तीच तारीख. असं कथेत लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, ओढूनताणून आणलंय.)

आणि हो, 'हॉटेल कॅलिफोर्निया'. ईगल्स तुझ्या यादीत पाचवे आहेत, माझी हरकत नाही. शेवटी फेल्डर आणि वॉल्श यांच्या गिटारी एकमेकींच्या हातात हात घालून निघतात ते आजही छान वाटतं. पण राजगडावर, सिंहगडावर, वेल्ह्याच्या एसटीत आणि माझ्या साखरपुड्यात ते तू वाजवलंस, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी अडकलास, ते मी विसरलेलो नाही.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो, तिकडे येतो.

१९८५ चं गॅदरिंग आठवतं? जेवणानंतर मेसच्या मोठ्या स्पीकरवर काहीतरी दणदणीत लावायचं ठरलं. तू माझ्या कपाटातून 'डीप पर्पल, मशीन हेड' असं मी जाड पेननं लिहिलेली कॅसेट काढलीस, दीडशे पोरांसमोर टू-इन-वनमध्ये घातलीस आणि म्हणालास, "आता ऐका, संगीत म्हणजे काय." आणि स्पीकरमधून पियानोवरून बोटं घसरत खाली आली. 'डान्सिंग क्वीन'. तीन-चार सेकंद सगळे गप्प होते. मग जे हसले, ते रेक्टर येईपर्यंत थांबले नाहीत. कुणीतरी कव्हर उलटून आत पेन्सिलीनं लिहिलेलं 'अ‍ॅबा' वाचलं, सांगलीकडच्या एकानं ते 'आबा' असं वाचलं, आणि त्या रात्रीपासून मी आबा झालो. अजूनही भेटले की आपले निम्मे लोक मला आबाच म्हणतात. नातवंडांना वाटतं वयामुळे म्हणतात.

मी तेव्हा सांगितलं की ताईनं चुकून माझ्या कॅसेटवर टेप केलं. तुम्ही मानलंत. नंतर ताई दिवाळीचा डबा घेऊन हॉस्टेलवर आली तेव्हा तुम्ही सगळे तिच्यामागे 'क्वीन, क्वीन' करत होतात आणि तिला काही समजेना. ती बिचारी नाट्यसंगीताच्या बाहेर कधी गेली नाही.

ती कॅसेट मीच भरून घेतली होती. कॅम्पातल्या दुकानात कोरी साठची कॅसेट देऊन, गाण्यांची नावं कागदावर लिहून. दुकानदारानं यादी मोठ्यानं वाचली तेव्हा मागे उभ्या असलेल्या माणसाकडे मी वळून बघितलं नाही. 'मशीन हेड'चं नाव मी त्याच दुपारी बसस्टॉपवर लिहिलं. आणि रात्री तुम्ही झोपलात की आवाज अगदी बारीक करून, टू-इन-वन उशीशी घेऊन ऐकायचो. तू बी जीजना यंत्र म्हणतोस, पण यंत्रासारखा मीच वागत होतो. दिवसा तुमच्याबरोबर मान डोलवायची आणि रात्री आपलं खरं ऐकायचं.

तू सुद्धा साव नाहीस. आंघोळीला गेलास की 'मिल गया हमको साथी' गुणगुणायचास आणि आम्ही हसलो की बाहेर येऊन बजावायचास, "पंचमचं आहे, बोलू नका." पंचमचंच होतं. १९७७ चं. पण ती चाल अ‍ॅबाच्या 'मामा मिया'ची, १९७५ ची. म्हणजे अ‍ॅबा तुझ्या तोंडी माझ्याआधी पोचलं होतं, फक्त पासपोर्ट बदलून. हे मला चार वर्षांपूर्वी कळलं आणि इतके दिवस मी ते योग्य वेळेसाठी राखून ठेवलं होतं. यादी बघितली आणि वेळ आली असं वाटलं.

दिवाळीत ये. भाऊबीजेपर्यंत राहा. माळ्यावरचा टू-इन-वन काढून ठेवलाय, रबरी पट्टा नवा बसवून घेतला, हेड स्पिरिटनं पुसलं. सुरुवातीला तुझा जिन्यातला ड्रम लावू, पूर्ण सात मिनिटं, मी मधे एक शब्द बोलणार नाही. मग बाजू पलटायची आणि तू बोलायचं नाहीस. यादीत बीटल्सना वर सरकवलंस तर जेवायला मटण, नाहीतर मेसची आमटी करायला सुमनला सांगून ठेवलंय. ती हसली आणि म्हणाली, "दिगूभावजींना दोन्ही वाढू."

वहिनींना नमस्कार. मोठ्याची परीक्षा कधी आहे ते कळव.

तुझा,
आबा

ता. क. ताईला अजून सांगितलेलं नाही. ती गुरुवारी येतेय, आठवडाभर आहे. तू फोन केलास तर तिच्याशी बोलताना जरा सांभाळून.